पिंगा घालता येईल असं शिवा

"मला पिंगा घालता येईल असं शिवा. नुसतं उभं राहायचं नाहीये मला."

डोंबिवलीत स्टेशनपासून जवळच, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर नऊवारी शिवून देणाऱ्या एक बाई आहेत. आषाढ लागला की त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. गाठोड्यांतून साड्या बाहेर येत असतात, भिंतीवरच्या खिळ्यांना मापांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या असतात. मी गेले त्या दुपारी एक नवी नवरी आली होती, सोबत आई आणि सासूबाई. पहिली मंगळागौर माहेरी व्हायची होती. आईनं हिरवी इरकल आणलेली, सासूबाईंनी जांभळी सेमी पैठणी, आणि मुलीच्या मोबाइलवर 'मस्तानी' पद्धतीच्या नऊवारीचा फोटो. तिघींचं एकमत होण्याची वाट न पाहता शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आधी उकिडवी बस बरं बाळा." ती बसली. मग कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत टेप फिरली. आसनाचं माप. उभ्यानं घेतलेल्या मापात आणि बसून घेतलेल्या मापात चांगला चार बोटांचा फरक पडला. "ह्या चार बोटांवर रात्र काढायची असते," असं म्हणत त्यांनी आकडा लिहून घेतला.

संपादकांनी 'सणाचा साज' असा विषय दिला, तेव्हा डोळ्यांपुढे बरेच सण आले होते. संक्रांतीची काळी साडी, नवरात्रातले नऊ रंग, पाडव्याच्या शोभायात्रा. मी मंगळागौर निवडली. बाकीच्या बहुतेक सणांना बाई नटते आणि मग बसते, ओवाळते, मिरवते. मंगळागौरीला ती नटते आणि मग रात्रभर उड्या मारते, गिरक्या घेते, जमिनीवर लोळते. म्हणून इथं पोशाखाची निवड रंगावर किंवा भरजरीपणावर भागत नाही. कापड अंगाला किती खेळू देतं, हा इथला खरा प्रश्न आहे. दुकानात, शिंपीकामात, हौशी मंडळांच्या सरावात मला हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू आला.

एका दिवसाचे तीन पोशाख

श्रावणातल्या मंगळवारी, लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, ही पूजा करण्याची रीत. पहिल्या वर्षी माहेरी, पुढे सासरी, आणि पाच वर्षं झाली की उद्यापन. सकाळी पूजा. माहेरून मिळालेली अन्नपूर्णा चौरंगावर, समोर सोळा प्रकारची पत्री, कणकेचे दिवे, मग कहाणी. दुपारचं जेवण मुक्यानं. संध्याकाळी हळदीकुंकू. रात्री जागरण आणि खेळ.

या तीन टप्प्यांना अंगाची कामं तीन तऱ्हेची. सकाळी तास-दीड तास पाटावर मांडी घालून बसायचं, समोर निरांजनं, हातांत पाणी, हळद, पंचामृत, पत्रीचा रस. इथं झुळझुळीत पदर धोक्याचा असतो, तो पुढे वाकलं की दिव्यात जातो. जुन्या बायका पूजेला पदर कमरेला घट्ट खोचूनच बसत, त्यामागे हे सरळ व्यवहारज्ञान होतं. संध्याकाळी उभं राहायचं, पाया पडायचं, फोटो काढायचे. जड पैठणी, तन्मणी, मोठी नथ, सगळं तेव्हा शोभतं आणि झेपतंही.

रात्र मात्र वेगळी. फुगडीत दोघींचे हात तिढ्यानं धरलेले असतात, शरीराचा सगळा भार मागे टाकून पाय एका जागी नाचवायचे असतात. बसफुगडीत उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकायचा. कोंबड्यात त्याच बैठकीत उड्या मारत फिरायचं. गाठोड्यात अंगाची घडी करून पायांचे अंगठे धरून लोळायचं. होडीत समोरासमोर बसून एकमेकींना झुलवायचं. पिंग्यात कमरेतून वाकून सगळं अंग घुमवायचं. झिम्म्यात टाळ्या आणि गिरक्या. ज्येष्ठ लोकसाहित्य-अभ्यासक सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून स्त्रियांची गाणी आणि खेळ मोठ्या कष्टानं गोळा करून ठेवले आहेत. त्या खेळांकडे पोशाखाच्या बाजूनं पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. हे खेळ काष्टा घातलेल्या बाईनं, काष्टा घातलेल्या बाईसाठी रचलेले आहेत. सहावारी गोल साडीत गाठोडं करायला जा, पायांवरची साडी सावरण्यातच सगळा जीव जातो.

काष्टा काय काम करतो

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. आत परकर नाही. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, मग पायांमधून कापड मागे नेऊन कमरेत खोचायचं. तो काष्टा, कासोटा. दोन्ही पाय वेगवेगळे गुंडाळले जातात, म्हणून ढांग टाकता येते, उकिडवं बसता येतं, घोड्यावर बसता येतं. साडी कमरेभोवती आवळून धरलेली असते, त्यामुळे ती सुटायची भीती कमी. पुढचा ओचा सामान बांधायलाही उपयोगी.

नेसण्याच्या पद्धती कामानुसार बदलत गेल्या. भाताच्या लावणीला चिखलात उभं राहणारी बाई नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढून घेते. कोळीण ती घट्ट आणि आखूड नेसते, कारण तिला बंदरावर टोपली घेऊन चालायचं असतं. पुण्याकडची ब्राह्मणी पद्धत घोट्यापर्यंत उतरते, तिचे काठ मागे काष्ट्यावर नीट दिसले पाहिजेत असा तिचा आग्रह. मराठा घराण्यांत डोक्यावरून पदर. लावणीची नऊवारी पायांच्या हालचाली दिसाव्यात म्हणून वेगळी बसवलेली. चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांनी रंगवलेल्या मराठी बायका पाहिल्या की पोशाखाचा हा बारकावा किती डोळसपणे टिपता येतो ते कळतं.

विसाव्या शतकात शहरांतल्या मुली शाळा-कॉलेजात, नोकरीत गेल्या आणि गोल साडी आली. पाचवारी, सहावारी, आत परकर. लोकल गाडीत चढायला, कारकुनी करायला ती बरी वाटली, आधुनिकही वाटली. नऊवारी आजीकडे राहिली. आज साठी ओलांडलेल्या कितीतरी बायकांनी आईला नऊवारीत पाहिलेलं असतं, पण स्वतः कधी नेसलेली नसते. त्यांच्या मुलींना शिकवणार कोण? मंगळागौर हौसेनं परत आली, खेळ पुस्तकांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून शिकून घेतले गेले, पण नेसण्याचं कसब मधल्या पिढीत तुटलं. शिवलेल्या नऊवारीची गरज या तुटलेल्या जागेतून निर्माण झाली आहे. तिच्याकडे नाक मुरडणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

इरकल, खण आणि पैठणी

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर श्रावणाच्या आधी खरेदीला गेलात तर दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "नेसायची की शिवायची?" दुसरा प्रश्न, "ग्रुपसाठी की घरच्यासाठी?" तिसरा खरं म्हणजे आपण त्याला विचारायला हवा, "अंगावर घसरते का?"

इरकल घसरत नाही. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं इळकल हे तिचं गाव. अंग सुती आणि पदर रेशमी, अशी जुनी इरकल असते. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे, ते एकमेकांत फासे घालून जोडतात, त्याला 'टोप टेणी' म्हणतात. पदरावर लाल जमिनीत पांढऱ्या कंगोऱ्यांची नक्षी, काठांना गोमी, परासपेठ अशी नावं. सोलापूर, कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या इरकली लुगडी नेसून शेतं केली, बाजार केले. सुती अंगामुळे काष्टा जागेवर बसतो, घाम शोषला जातो आणि पहाटेपर्यंत निऱ्या धरून राहतात. मला विचाराल तर खेळाच्या रात्रीसाठी इरकलीइतकं विश्वासाचं कापड दुसरं नाही. आईनं आणलेली ती हिरवी इरकल पाहून शिवणाऱ्या बाईंनी मान डोलावली होती, ती यामुळेच.

खण बागलकोट जिल्ह्यातल्याच गुळेदगुड्डचा. मूळचा तो चोळीचा आणि ओटीचा. दोन्ही बाजूंना काठ, मध्ये बारीक ठिपक्यांची किंवा रथासारखी विणलेली नक्षी, अंगावर चमक. एका खणात एक चोळी हे माप पिढ्यांनी ठरवलेलं. गेल्या काही वर्षांत या खणाचं नशीब पालटलं. खणाची अख्खी साडी आली, कुर्ते आले, जॅकेट, पिशव्या, कानांतले डूल, मुलांचे सदरेही आले. यातला पुष्कळसा माल यंत्रमागावरचा आहे, आणि हातमागावरच्या खणापेक्षा तो स्वस्त आणि थोडा ताठ असतो. हा ताठपणा खेळणारीला अडचणीचा. खणाची नऊवारी उभ्यानं देखणी दिसते, पण पिंग्याच्या वेळी निऱ्या फुलून पुढे येतात. म्हणून जाणत्या बायका सुती नऊवारीवर खणाची चोळी घालतात. शोभा वरच्या अंगाला, मोकळीक खाली.

पैठणीबद्दल प्रेमानंच लिहावं लागतं. येवल्यात मागाजवळ बसलं की कळतं, पदरावरचा मोर, मुनिया, आसावलीची वेल हे सगळं छोट्या छोट्या कांड्यांनी, धाग्यात धागा अडकवून हातानं विणलेलं असतं. नुसत्या पदराला आठवडेच्या आठवडे जातात. अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. सेमी पैठणीच्या मागे मात्र धागे सुटे धावतात. फुगडीत हे धागे अंगठीत, बांगडीच्या टोकात, जोडव्यात अडकतात, आणि एकदा अडकले की नक्षी ओढली जाते. अस्सल पैठणी फुगडीला नेसू नये हे कुणी सांगायला नको. सेमी पैठणी नेसायची असेल तर आतून मलमलचं अस्तर लावून घ्या, हा सल्ला मला दोन वेगवेगळ्या शिवणाऱ्या बायकांनी दिला आणि तो योग्य आहे.

साटीन आणि चमकदार नकली रेशीम मात्र टाळावं. दुकानात हातात घेतल्यावर ते मऊ लागतं, फोटोत उठून दिसतं, किंमतही परवडते, म्हणून मंडळं घाऊक घेतात. पंधरा मिनिटांनी काष्टा सैल होतो आणि उरलेला वेळ एक हात कमरेवर ठेवून खेळावं लागतं.

कात्री लावण्याआधी

शिवलेली नऊवारी म्हणजे रचनेनं धोतर आणि साडी यांच्यामधली वस्तू. दोन पाय वेगळे कापून शिवतात, पुढच्या निऱ्या घडी घालून टाक्यांनी पक्क्या करतात, काष्ट्याचे काठ मध्यावर जुळवतात, कमरेला नाडी किंवा हूक. पदर सुटा ठेवतात किंवा खांद्याला पिन लावायची सोय करतात. पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी, राजलक्ष्मी ही नावं दुकानांत रुळली आहेत. २०१५ सालच्या 'बाजीराव मस्तानी' चित्रपटातल्या 'पिंगा' या गाण्यावर त्या वेळी मोठा वाद झाला. काशीबाई आणि मस्तानी अशा नाचल्याच नसत्या, हा आक्षेप होता. पण त्यानंतरच्या श्रावणात 'त्या गाण्यातल्यासारखी' नऊवारी मागणाऱ्या मुली वाढल्या, असं शिवणाऱ्या बाई सांगतात.

काठ जुळवणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. पायाच्या घेराला काठ, काष्ट्याला काठ, पदराला काठ, आणि साडीला तर दोनच काठ. कापण्याआधी साडी जमिनीवर पसरून खडूनं आखणी करावी लागते. सहावारीतूनही नऊवारीसारखं शिवून देतात, पण त्यात निऱ्या कमी येतात आणि आसन आवळतं. फाटतं ते नेहमी तिथंच, बसफुगडीत.

डोंबिवलीच्या बाई आसनाजवळ आणि कमरेला दोन इंच माया ठेवतात. "दुसऱ्या मंगळागौरीला पोरीचं पोट दिसत असतं, मग उसवून वाढवता येतं," हे त्यांचं साधं गणित. हुकाऐवजी नाडीचा आग्रहही त्यासाठीच. आत सायकलिंगची चड्डी घालायला त्या प्रत्येकीला सांगतात, बिनसंकोच, सासूबाईंसमोर.

आणि एक काम त्या करत नाहीत. आजीचं हातमागाचं लुगडं कुणी शिवायला आणलं तर त्या परत पाठवतात. मी तिथं असतानाच एक जुनं, विरत चाललेलं, गडद अंजिरी लुगडं आलं होतं. त्यांनी ते उलगडलं, काठावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ह्याला कात्री नको. मी तुला नेसवून दाखवते, शिकून घे." अर्ध्या तासात त्या मुलीला काष्टा घालता आला. पहिल्यांदा सैल, दुसऱ्यांदा नीट. मला वाटतं, हाच भेद पाळायला हवा. बाजारातली नवी साडी खुशाल शिवा. न शिवलेलं लुगडं आईला येतं, मुलीला येतं, बारीक बाईला येतं, बाळंतिणीला येतं. एकदा कापलं की ते एकाच अंगाचं होतं.

शिवलेल्या नऊवारीची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणंही मला पटतं, कारण मंगळवार हा कामाचा वार आहे. ठाण्यातल्या एका मंडळातल्या कितीतरी जणी ऑफिसातून थेट सभागृहात येतात. पिशवीत घडी घातलेली नऊवारी, डबीत दाबाची नथ, चंद्रकोरीचं पाकीट, अंबाड्यावर लावायचा तयार खोपा. पाच-सात मिनिटांत त्या तयार होतात. हे शक्य नसतं तर यांतल्या निम्म्या जणी खेळायला आल्याच नसत्या. परदेशातल्या मराठी मुली तर व्हॉट्सॲपवर मापं पाठवतात, आईकडून दुकानात साडी पोचती होते आणि शिवून झाली की कुरिअरनं जाते. गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या मुली आता सगळ्यांच्या परिचयाच्या आहेत. घोड्यावर बसू देणारा पोशाख बुलेटवरही बसू देतो.

काही मुली नऊवारीही नको म्हणतात. त्या खणाचा आखूड कुर्ता आणि खाली धोतीसारखी पँट घालतात, वर गजरा आणि नथ. पहिल्यांदा पाहिल्यावर मोठ्या बायका गप्प होतात. पण दोन पाय मोकळे, कमर बांधलेली, घाम शोषणारं कापड, या सगळ्या गोष्टी त्यात आहेत. काष्ट्याचं काम ती पँट करते. माझी त्याला काहीच हरकत नाही.

कुणी काय नेसायचं, हे कुणी ठरवलं

या सणाच्या पोशाखाला एक दुखरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. हिरवी साडी, हिरवा चुडा, कुंकू, गजरा ही सौभाग्याची खूण मानली गेली. ज्या बाईचा नवरा गेला तिला हे सगळं उतरवावं लागे. एके काळी ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या बाईच्या अंगावर लाल आलवण येई आणि ते मरेपर्यंत सुटत नसे. तिला चोळी नसे, काठ नसे, निवडीचा प्रश्नच नसे. आलवण गेलं, पण हळदीकुंकवाच्या आमंत्रणातून तिचं नाव गळणं कितीतरी घरांत चालू राहिलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानंही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. ठराव कागदावर असतो. तो अंगावर कसा येतो, हे मला एका मंडळाच्या सरावात दिसलं.

त्या मंडळाचा नियम आहे, सगळ्यांना एकच साडी, एकच चोळी, सारख्याच बांगड्या, सारखाच गजरा. मंडळ चालवणाऱ्या काकू म्हणाल्या, "आमच्यात लग्न न झालेल्या आहेत, घटस्फोट झालेल्या आहेत, नवरा गेलेल्या आहेत. गोलात उभ्या राहिल्या की कोण कोण ते सांगा बरं मला." मी त्या गोलाकडे पाहत राहिले आणि खरोखर सांगता येईना. पन्नाशीच्या एका बाईंनी नवरा गेल्यानंतर पहिला गजरा या मंडळात माळला होता. घरी मुलगा आणि सून दोघांनी आग्रह केला, तरी मंडळाची साडी हातात आल्यावरच त्यांचा धीर झाला. 'सगळ्यांना एकच' म्हटल्यावर त्यांना वेगळं विचारावं लागलं नाही, वेगळी परवानगी मागावी लागली नाही. घाऊक खरेदीची ही साधी सोय असं काही करू शकेल, हे मला तिथं जाईपर्यंत सुचलं नव्हतं.

सभागृहातली रात्र

श्रावणातल्या एका शनिवारी त्या मंडळाचा खेळ होता. मंगळवार जमत नाही म्हणून बऱ्याच जणी आता शनिवार धरतात. विंगेत मोठी लगबग होती. काचेच्या बांगड्या फुगडीआधी काढायच्या आणि झिम्म्याआधी घालायच्या, कारण झिम्म्याला किणकिण हवी आणि फुगडीत काच फुटून मनगटात जाते. अंगठ्या एका डब्यात. पदर तिरका घेऊन कमरेला खोचलेला आणि वर सेफ्टी पिन. पिन आतल्या बाजूनं लावायची, तोंड खाली करून, म्हणजे उघडली तरी समोरच्या बाईला लागत नाही. दाबाच्या नथीला दोन थेंब गोंद लावणाऱ्याही होत्या. त्यापेक्षा नथ लहान घ्यावी.

यंदा त्यांनी सुती इरकल घेतली होती, गेल्या वर्षीच्या नकली रेशमाचा अनुभव घेऊन. रंग हिरवा नव्हता, गर्द मोरपंखी, काठ लाल. दोन तासांत एकदाही कुणी कमरेवर हात नेला नाही. पंचाहत्तरीच्या एक आजी गटात होत्या, त्यांचं लुगडं शिवलेलं नव्हतं, नेसलेलं होतं, आणि गाठोडं करताना सगळ्यात आधी लोळत पलीकडे त्याच पोचल्या. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनी ओचा झटकला आणि पुन्हा गोलात शिरल्या.

खेळ संपल्यावर डबे उघडले, चकल्या फिरल्या आणि लगेच पुढच्या वर्षाची चर्चा सुरू झाली. ज्येष्ठातच माप द्यायचं, आषाढात बाईंकडे गर्दी होते. साडी दुकानातून न घेता एखादीनं इळकलला जाऊन विणकरांकडूनच आणायची, घाऊक भावात पडते आणि पैसा त्यांच्या हातात जातो. चोळीला खण, तोही हातमागाचा मिळाला तर. नेसता येणाऱ्यांनी दोघी-दोघींना नेसायला शिकवायचं, म्हणजे हळूहळू शिवायचा खर्च वाचेल. आणि ज्या शिवून घेणार त्यांनी बाईंना एक गोष्ट आवर्जून सांगायची. उजव्या बाजूला, निऱ्यांच्या आत, किल्ली आणि मोबाइल मावेल एवढा खिसा.